परग्रहावरील पाषाणपरीक्षा

कवीची सृष्टि विधात्याच्या नियमांनीं बांधलेली नसते, असें मम्मटानें मानलें. तर औचित्य हाच काव्याचा प्राण होय, असें क्षेमेंद्रानें प्रतिपादिलें. हा जुना वाद 'नो मॅन्स स्काय' या संगणकावरील खेळाच्या निमित्तानें पुन्हां उपस्थित करावासा वाटतो. असले खेळ आतां उमरग्यासारख्या गांवींहि घरोघर पोंचले आहेत. तेव्हां केवळ कालापव्यय म्हणून त्यांकडे पाठ न फिरवितां, कलाकृति म्हणून त्यांची परीक्षा करणें अगत्याचें आहे.

'हॅलो गेम्स' या इंग्लंडमधील लहानशा मंडळीनें हा खेळ २०१६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील ग्रहांची संख्या अठरावर अठरा शून्यें मांडावीं एवढी आहे. त्यांपैकीं एकेक कोणी हातानें रेखाटलेला नाहीं. गणिताच्या सूत्रांतूनच डोंगर, दऱ्या आणि गुहा उभ्या राहतात. या कल्पनेची भव्यता आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. प्रवासी नव्या ग्रहावर उतरतो, डोळ्यांवरील यंत्र एखाद्या खडकावर रोखतो, आणि क्षणार्धांत त्या खनिजाचें नांव व शोधाचें बक्षीस त्याच्या पदरांत पडतें. पुढें किरण सोडून खडक फोडला, कीं बहुधा 'फेराइट डस्ट' नांवाचें लोहचूर्ण हातीं येतें.

आमचा आक्षेप येथेंच आहे. 'एमेरिल' नांवाचा धातु पृथ्वीवर नाहीं, म्हणून त्यास दोष देणें अरसिकपणाचें होईल. खडक खुशाल परका असावा. पण त्यास पूर्वचरित्र असावें. आमच्या तालुक्यांत विहीर खणतांना वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या आणि काळा फत्तर लागतो. दोन लाव्हांच्या मध्यें कोठें तांबड्या मातीचा थर सांपडला, तर तेथें ज्वालामुखी दीर्घकाळ स्वस्थ होता, असें समजावें. पोकळ्यांतील पांढऱ्या स्फटिकावर चाकूनें ओरखडा उठला तर तो कॅल्साइट असूं शकेल. न उठला तर गारगोटी असण्याचा संभव. हातानें घासून, वजन तोलून, शेजार पाहून जें ज्ञान होतें, त्यास ओळख म्हणावें. खेळांतील प्रवाशास नुसतें नांव मिळतें.

तथापि एक स्थळ गौरवास पात्र आहे. तेथें पिवळ्या ताऱ्याच्या ग्रहांवर तांबें, तांबड्याच्या ग्रहांवर कॅडमियम, हिरव्याच्या ग्रहांवर एमेरिल आणि निळ्याच्या ग्रहांवर इंडियम सांपडतें. आकाश व भूमि यांचें असें नातें जोडतांना कर्त्यांना कार्यकारणाची चाहूल लागली होती, हें उघड आहे. परंतु हें नातें कां, हा प्रश्न ते खेळणाऱ्याच्या मनांत उठूंच देत नाहींत.

हा प्रश्न आमच्या भागांत केवळ रसिकतेचा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें कोसळलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. मातींत रचलेल्या जड दगडी भिंतींनींच पुष्कळांचे प्राण घेतले. हा प्रदेश स्थिर समजला जात असे. पुढें किल्लारीजवळ खोल छिद्र घेण्यांत आलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटर बेसाल्टच्या तळाशीं अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकाचा थांग लागला. पायाखालीं काय आहे, हें विचारण्याची संवय ज्या समाजास नाहीं, त्याला तें असें कळतें. खेळांतील भूमि मात्र कधीं कोणाला हा प्रश्न विचारावयास लावीत नाहीं.

आणि खरा परग्रह पाहावयाचा, तर तोहि आम्हांस फार परका नाहीं. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशीं बेसाल्टचाच आहे. म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर, जें उल्कापातानें बेसाल्टांतच खोदलें गेलें, तें मंगळावरील विवरें समजून घेण्यासाठीं शास्त्रज्ञ अभ्यासतात.

पालकांनीं हा खेळ मुलांच्या हातून हिरावून घेऊं नये; त्यांतील विस्मय खरा आहे. मात्र सुटीच्या दिवशीं नव्या विहिरीबाहेर पडलेल्या दगडांच्या ढिगाशीं त्यांना न्यावें, आणि त्यांतील एखादा खडा हातीं देऊन तो तेथें कसा आला, हें विचारावें.