पाठातला सोडा पुढे कुठे जातो?

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (२०१८) 'धातुविज्ञान' या प्रकरणात बायर पद्धत दिली आहे. दळलेले बॉक्साइट दाहक सोड्यात दाबाखाली तापवायचे, न विरघळलेला भाग गाळायचा, द्रावण थंड करून ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा साका मिळवायचा. क्रम बरोबर आहे. पण साका पडण्याच्या समीकरणात उजवीकडे सोडिअम हायड्रॉक्साइड पुन्हा दिसते आणि त्याचे पुढे काय होते हे पाठ सांगत नाही. वाचणाऱ्याला वाटते, सोडा जसा घेतला तसाच परत मिळाला.

प्रत्यक्षात तोच सोडा पुन्हा पुन्हा फिरवला जातो. बॉक्साइट म्हणजे जमिनीतून खणलेले खनिज. त्याबरोबर मुळे, पाने यांचे कुजलेले अंशही येतात. रोहिणखेडच्या शिवारातली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली, तशाच बेसाल्टपासून कोल्हापूरच्या पठारांवरचे बॉक्साइट बनले. दुर्गमानवाडीच्या खाणीतून ते बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात गेले आहे. गरम सोड्यात या सेंद्रिय अंशांचे तुकडे होऊन ह्युमेट, ऑक्झॅलेट, कार्बोनेट तयार होतात. प्रत्येक फेरीत ते साठतात. द्रावण काळपट होते, फेस येतो, साका बारीक पडतो, उतारा घटतो.

उपाय म्हणून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील किरण यांचे 'प्रगत ऑक्सिडीकरण' सुचवले जाते. सांडपाण्यात ते परिणामकारक ठरते, कारण त्यातून हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील मुक्त मूलक तयार होतो. पण इथे अडचणी तीन. तीव्र अल्कलीत तो प्रोटॉन गमावून मंदावतो. कार्बोनेट त्याला मध्येच खाऊन टाकते. गडद द्रावणात अतिनील किरण खोल शिरत नाहीत. म्हणून 'प्रगत' या शब्दावर भुलू नये. एखादी पद्धत चांगली की वाईट, हे ती कोणत्या द्रावणात वापरायची यावर ठरते.

हे वर्गात दाखवता येते. पानांचे कुजलेले खत धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ढवळून गाळा. तपकिरी द्रावणाच्या निम्म्या भागात औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घाला (शिक्षकांनीच, चष्मा लावून, भांडे उघडे ठेवावे). काही वेळाने रंग फिका पडेल. मग विचारा: रंग गेला म्हणजे सेंद्रिय पदार्थ गेला का? नाही. मोठ्या रेणूंचे तुकडे होऊन ऑक्झॅलेटसारखे रंगहीन पदार्थ उरू शकतात. आणि कारखान्याला नेमके तेच नको असते.

पुस्तकात एवढे एकच वाक्य हवे होते: 'हा सोडा पुन्हा वापरतात, पण तो शुद्ध राहत नाही.' पुढचे प्रश्न मुलांनीच विचारले असते.