लोकरीचे प्रवाळ, उद्याचा समुद्र

विज्ञान भविष्याविषयी बोलते ते आकड्यांत आणि कला बोलते ती प्रतिमांत. दोघांचेही ऐकून माणूस पुष्कळदा जागचा हलत नाही. आकडा त्याला परका वाटतो आणि प्रतिमा पाहून झाली की तो आपल्या घरी जातो. या दोहोंना एका मेजाशी बसवून, सर्वसामान्य माणसाच्या हाती सुई देऊन, उद्याच्या पृथ्वीची कल्पना करावयास लावणारे काही प्रयोग गेल्या काही दशकांत झाले. त्यांपैकी 'क्रोशे कोरल रीफ', म्हणजे क्रोशाने विणलेली प्रवाळभिंत, हा प्रयोग आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. क्रोशाची सुई आपल्या घरांना अपरिचित नाही, हे त्याचे एक कारण. परंतु ते एकमेव नव्हे.

या प्रयोगाच्या जनक मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या जुळ्या बहिणी. पहिली विज्ञानलेखिका, दुसरी कलावंत व कवयित्री. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या. त्याच किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरिअर रीफ पसरलेली आहे. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना बाहेर टाकतो. त्याचा रंग जातो, त्याला अन्न मिळेनासे होते आणि उष्णता टिकून राहिली तर तो मरतो. आपल्या बालपणीच्या समुद्राची ही दशा पाहून या बहिणींनी २००५ साली लॉस एंजेलिस येथे लोकरीचे प्रवाळ विणावयास आरंभ केला.

लोकरच का, या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. टेबलावरचा गोल रुमाल विणणारी स्त्री प्रत्येक ओळीत ठराविकच टाके वाढविते. टाके कमी पडले तर रुमालाची वाटी होते आणि जास्त झाले तर त्याला झालर पडते. रुमालाचा जो दोष, तीच ही झालर म्हणजे एक स्वतंत्र भूमिती आहे. लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मांडली. परंतु तिची हातात घेता येईल अशी टिकाऊ प्रतिकृती करणे दीर्घकाळ कठीण गेले. कागदाच्या प्रतिकृती हाताळताना फाटत असत. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील डायना ताइमिन्या यांनी ती क्रोशाने विणून दाखविली. सागरातील अनेक प्रवाळांची वळणे याच जातीची आहेत. स्वयंपाकघरातील सुईने जे साधले, ते विद्वानांच्या कागदाला साधले नव्हते!

वर्थाइम भगिनींनी या नियमात आपली भर घातली. नियम काटेकोर पाळला की आकृती सुबक पण निर्जीव वाटे. टाके कोठे दाट, कोठे विरळ केले की ती जिवंत भासू लागे. नियम विज्ञानाचा आणि त्यातील फेरफार कलेचा, अशी ही भागीदारी आहे. पुढे शिकागो, लंडन आदी शहरांत कार्यशाळा भरल्या आणि स्थानिक लोकांनी आपापली प्रवाळभिंत विणली. २०२२ साली जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे मांडलेल्या भिंतीसाठी सुमारे ४,००० जणांनी ४०,००० हून अधिक नग विणून दिले. विणणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आणि त्यांची नावे प्रदर्शनात नोंदली जातात. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. सामुदायिक कलाकृतीचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे.

भविष्याची कल्पना येथे कशी येते? या प्रवाळभिंती अनेक रूपांत विणल्या गेल्या. एक रंगांनी ओसंडणारी. एक पांढरीफटक, पाणी तापल्यावरची. आणि एक प्लास्टिकच्या पिशव्या कापून केलेल्या दोऱ्याची व जुन्या चित्रफितींची, म्हणजे समुद्रात आपणच ओतलेल्या कचऱ्याची. शिवाय या बहिणींनी २००७ ते २०११ अशी चार वर्षे आपल्या घरातील प्लास्टिकचा कचरा साठविला आणि तोही प्रेक्षकांसमोर ठेवला. हे समुद्र शेजारी शेजारी पाहिले की भविष्य हे ललाटीचा लेख नसून निवडीचा विषय आहे, हे शब्दांवाचून उमजते.

तथापि माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल प्रदर्शनात नाही, विणण्यात आहे. समजा, पहिल्या ओळीत सहा टाके घेतले आणि पुढे प्रत्येक टाक्यात दोन टाके घालीत गेलो. दुसऱ्या ओळीत बारा, तिसऱ्या ओळीत चोवीस. आठव्या ओळीत ७६८! आधीच्या सातही ओळी मिळून ७६२ टाके होतात, म्हणजे एकटी आठवी ओळ त्या सर्वांहून मोठी. आरंभी पाच मिनिटांत संपणारी ओळ आता संपता संपत नाही. क्षुल्लक वाटणारी वाढ साचत जाऊन कशी आवाक्याबाहेर जाते, हे आलेख डोळ्यांना सांगतो. येथे ते दुखऱ्या बोटांना कळते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय हवामान समितीने असा इशारा दिला की पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढले तर ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील आणि दोन अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक. अर्ध्या अंशाला इतके महत्त्व का, हे सुई हाती धरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

समीक्षकाने उणिवाही सांगावयास हव्यात. लोकरीचा प्रवाळ मरत नाही. समुद्रातली भिंत खचत असता संग्रहालयातली वर्षानुवर्षे वाढत राहते आणि तिच्या सौंदर्याने मन सुखावून निजण्याची भीती आहे. विणकामातील ॲक्रिलिक लोकर तर स्वतःच प्लास्टिकची! शिवाय जेथे कार्यशाळेत केवळ टाके शिकविले जातात आणि समुद्राविषयी कोणी बोलत नाही, तेथे विज्ञान हे नुसते तोरण ठरते. पांढऱ्या भिंतीतही एक धोका आहे. तिचा शुभ्रपणा इतका देखणा आहे की तो मृत्यूचा रंग आहे, हे सांगावे लागते. जी कला सांगितल्यावाचून उलट अर्थ देते, तिला शेजारी शब्दाची सोबत हवीच.

हे आक्षेप मान्य करूनही मी या प्रयोगाच्या बाजूने उभा राहीन. मेजाभोवती चार तास बसून विणणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही आणि घाई नसली की प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे वेदीवस्त्राच्या झालरी विणणाऱ्या हातांकडे आपण केवळ हौस म्हणून पाहिले. त्या हातांत भूमिती होती, हे आपल्या शाळांनी मुलांना कधी सांगितले नाही. प्रवाळही आपल्यापासून दूर नाहीत. मालवणच्या समुद्रात ते आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्यही आहे. एखाद्या शाळेने गणिताचे शिक्षक, समुद्राचा अभ्यासक आणि क्रोशे जाणणारी आजी यांना एका मेजाशी बसवावे. नातीने त्या वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून कार्यशाळा साधली की नाही, हे ठरेल.