वाळ्याची ताटी आणि उघडी खिडकी

होळी झाली की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दुकानांपुढे कूलर मांडले जातात. पत्र्याचे, फायबरचे, खिडकीत बसणारे, हॉलसाठीचे पुरुषभर उंचीचे. गिऱ्हाईक रंग बघतं, पंखा लावून वारा बघतं, भाव पाडून घेतं. मी मात्र त्याच्या आतल्या रचनेत रमतो. रसग्रहण कवितेचं होतं, रागाचं होतं. ज्यातला एकही भाग फालतू नाही अशा या खोक्याचंही व्हायला हवं.

तीन बाजूंना ताट्या, चौथ्या बाजूला पंखा. तळाशी टाकी, तिच्यात मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवतो, वरच्या पन्हाळीच्या बारीक भोकांतून ते ताट्यांवर ठिबकतं, उरलेलं पुन्हा टाकीत येतं. पंखा आतली हवा खोलीत फेकतो, तिची जागा घ्यायला बाहेरची हवा धावते, आणि तिला ओल्या ताटीखेरीज दुसरी वाटच ठेवलेली नाही. सगळी करामत या सक्तीत आहे.

एकदा ताटीपाशी डोळा नेऊन बघा. पाणी थेंबाथेंबाने पडतं, पण काडीला लागताच पसरतं आणि तिच्या अंगावर पातळ थर होऊन उतरतं. टाकीतल्या पाण्याला हवा फक्त वरून शिवते. तेच पाणी हजारो काड्यांवर पसरलं की हवेला चहूबाजूंनी भिडतं. एखादं भोक क्षारांनी बुजलं, तर त्याच्याखालचा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून बाहेरची झळ जशीच्या तशी आत येते. बोअरचं पाणी असेल तर हे फार लवकर होतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. कूलर ‘थंड करत नाही’ अशी तक्रार असेल, तर मोटरीआधी पन्हाळ बघावी.

आता गारव्याकडे वळू. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी पुरतात. त्याची वाफ व्हायला मात्र साधारण ५८० लागतात. ताटीवर ही उष्णता येणार कुठून? आत येणाऱ्या हवेतूनच. मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास थांबतो. त्या हवेला कूलर याहून खाली नेऊ शकत नाही, पण चांगली भिजलेली ताटी तिला २८ अंशांपर्यंत आणते. एवढ्या कामाला वीज लागते ती पंख्याची आणि त्या छोट्या पंपाची.

मला सर्वांत सुंदर वाटते ती मात्र खोक्याबाहेरची गोष्ट, म्हणजे समोरची उघडी खिडकी. कूलर उष्णता नष्ट करत नाही. ती वाफेत दडवतो. ती वाफ खोलीबाहेर गेली तरच पुढच्या हवेला जागा होते. दारं-खिडक्या लावून घेतल्या की अर्ध्या तासात अंग चिकचिकायला लागतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यात कागद दमट हवेने फुगू नये म्हणून विलिस कॅरिअरने १९०२ साली एक यंत्रणा आखली. तिथून आलेला एसी बंद खोलीत तीच हवा फिरवतो. कूलरच्या घरात मात्र सतत नवी हवा येत राहते. कोरड्या गावासाठी मला कूलरच श्रेष्ठ वाटतो.

त्याची वंशावळही आपल्याच मातीतली. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून गारवा आणण्याचा उल्लेख ‘आइन-ए-अकबरी’त आहे. इंग्रजी अमदानीत ओल्या ताट्यांमागे हाताने फिरवायचा पंखा बसवलेली पेटी निघाली. तिचं नाव थर्मॅन्टिडोट. पंख्याला वीज आणि पाण्याला पंप मिळाला, इतकाच पुढचा फरक. पोळ्याच्या जाळीसारख्या कागदी पॅडमधून वारा जास्त गार येतो आणि ते टिकतंही अधिक, हे मान्य. पण नवी वाळ्याची ताटी पहिल्यांदा भिजते तेव्हा घरभर जो वास सुटतो, तो त्या पॅडला नाही.

मृग बरसला की हेच यंत्र हतबल होतं. हवाच ओली असते; ती आणखी पाणी घेणार कुठून? मुंबईकरांना कूलरचं कौतुक वाटत नाही ते याच कारणाने. म्हणून हा भर उन्हाळ्यातल्या नवतप्याचा सोबती. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तसल्या कोरड्या आगीसाठीच तो आहे.

तो पाणी पितो, आणि पाणी साचलं की डासही येतात. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, म्हणजे डेंगीच्या डासाच्या अळ्या वाढायच्या आत निघून जातील आणि साचलेले क्षारही जातील. त्याहून मोठा धोका विजेचा. ओलं अंग, ओली फरशी आणि पत्र्याचं खोकं यांमुळे विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुलंही असतात. बर्डीतून कूलर आणाल तेव्हा रंगाआधी ताटीची जाडी आणि पन्हाळीची भोकं बघा. घरी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा, आणि पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढाच.