न दमणारा लेहरा

तबलजीला लेहरा धरणारा मिळणे म्हणजे मुंबईत जागा मिळण्याइतकेच कठीण. आमचे पेटीवाले नाना गेले आणि माझा तबला पोरका झाला.

मग पुतण्याने ‘माशीने’ आणले. मला वाटले, तृतीया विभक्ती! पण ते जर्मन नाव निघाले, अर्थ, यंत्र. बर्लिनची ही चीज २००९ साली बाजारात आली. वर सोळा रबरी चौकोन, पाठीशी संगणकातले सॉफ्टवेअर. त्रितालाच्या मात्राही सोळाच, म्हणून मला ती घरातलीच वाटली.

नानांनी रियाजासाठी भरून दिलेली कॅसेट पार चिरकली होती; एकच आवर्तन शाबूत. पुतण्याने तेवढे यंत्रात घेतले. शेवट केसभर लांबला की सम अडखळे. तो त्याने नेमका कापला आणि आवर्तन फिरू लागले. तास झाला तरी चहा नाही, पान नाही, की ‘आता पुरे हो’ नाही!

खरे सांगतो, रियाजाला असा सोबती नाही. लय तसूभर हलत नाही. पण तक्रारही तीच. तिहाई चुकली की नाना चष्म्यावरून बघत. साधली की मान हलवीत. यंत्राला दोन्ही सारखेच.

फक्त तेराव्या मात्रेला नाना खोकतात. दर आवर्तनात.

“काका, तेवढं काढून टाकू?” पुतण्याने विचारले.

म्हटले, “राहू दे रे. मी त्यावरच समेवर येतो.”