‘सामान्य किंवा उच्च’ : मूत्रपिंडाचे वाढीव कार्य व वैद्यकीय परिभाषा

एखादी गोष्ट वैद्यकाच्या नजरेतून निसटते तेव्हा त्याचे कारण अज्ञानच असते असे नाही; कित्येकदा ते परिभाषेत दडलेले असते. अतिदक्षता विभागातील काही रुग्णांची मूत्रपिंडे रक्तातील द्रव्ये नेहमीपेक्षा अधिक वेगाने बाहेर टाकतात. क्रिएटिनिन-निष्कासन दर मिनिटास, १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठामागे, १३० मिलिलिटरांहून अधिक असणे ही या स्थितीची प्रचलित व्याख्या होय. अपघातात जखमी झालेले तरुण, मेंदूस इजा झालेले, भाजलेले अथवा तीव्र जंतुदोषाने ग्रस्त असे रुग्ण यांत ती विशेषेकरून आढळते. अशा रुग्णास मेरोपेनेम वा व्हँकोमायसिन नेहमीच्या मात्रेत दिल्यास औषधाची रक्तातील पातळी अपुरी राहण्याचा व जंतुदोष आटोक्यात न येण्याचा संभव असतो. उडी, लिपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रतिजैविकांच्या मात्रेच्या अंगाने या प्रश्नाची चर्चा केली.

आता मूत्रपिंडविषयक शब्दसंग्रह पाहावा. ‘विकार’, ‘अपुरेपणा’, ‘निकामी होणे’ हे सारे शब्द ऱ्हासाचे आहेत. ‘मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा बदलावी’ या सूचनेतील ‘बदल’ वस्तुतः दोन्ही दिशांचा. परंतु रूढीने त्यास ‘घट’ हा एकच अर्थ चिकटला आहे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१२ सालच्या वर्गीकरणात ९० व त्यावरील सर्व मूल्ये एकाच वर्गात येतात व त्या वर्गाचे वर्णन ‘सामान्य किंवा उच्च’ असे आहे. दीर्घकालीन विकारांची प्रतवारी हा त्या वर्गीकरणाचा हेतू असल्याने तेथे ते पुरेसे ठरते. तेच अतिदक्षता विभागात नेले, की त्यातील ‘किंवा’ हे अव्यय ९५ आणि १८० यांतील भेद पुसून टाकते.

मराठी प्रतिशब्दाचा प्रश्नही याच जातीचा आहे. ‘अतिकार्य’ म्हटल्यास ‘अति’ या उपसर्गामुळे मूत्रपिंडच बिघडले आहे असा ग्रह होईल. ‘वर्धित’ म्हटल्यास वृद्धीचा शुभ ध्वनी उमटून सावधतेची गरज भासणार नाही. ‘वाढीव निष्कासन’ हा शब्द त्यातल्या त्यात तटस्थ असल्याने मला ग्राह्य वाटतो.

तथापि केवळ नामकरणाने काम भागत नाही. वैद्यक, परिचारिका व औषधनिर्माते यांची जाणीव अजमावताना ‘ही संज्ञा आपणांस ठाऊक आहे काय?’ असे विचारले, तर नामपरिचय तेवढा मोजला जातो. खरा प्रश्न निराळा आहे. पंचवीस वर्षांच्या जखमी रुग्णाच्या अहवालात क्रिएटिनिन ‘सामान्य’ आले असता आपण तेथेच थांबता, की आठ ते चोवीस तासांचे मूत्र जमवून निष्कासन प्रत्यक्ष मोजता? गणिती सूत्रे या स्थितीत बहुधा कमी अंदाज देतात. अर्थात सरसकट मात्रा वाढविणेही धोक्याचे. मूत्रपिंडाचे कार्य दिवसागणिक पालटते, म्हणून शक्य तेथे औषधाची पातळी तपासणे इष्ट. ‘सामान्य’ हा शब्द चौकशीचा शेवट न ठरता आरंभ ठरेल, तेव्हाच जाणीव रुजली असे म्हणता येईल.