रोमान्स भाषांतील ‘से’-रचना आणि ‘कर्मणी’ या संज्ञेची मर्यादा

रोमान्स भाषांतील ‘पॅसिव्ह’ रचनांना मराठीत सरसकट ‘कर्मणी प्रयोग’ म्हणण्याची सोय महागात पडते. लॅटिनमधील ‘अमातुर’ (त्याच्यावर प्रेम केले जाते) हे प्रत्ययसाधित रूप पुढे लोपले आणि त्याची जागा ‘असणे’वाचक सहायक क्रियापद व कृदन्त यांनी घेतली, एवढे सर्वज्ञात आहे. खरा पेच आत्मवाचक ‘से’ (इटालियनमध्ये ‘सी’) घेणाऱ्या रचनांचा आहे.

स्पॅनिश ‘से वेंदेन पिसोस’ (सदनिका विकल्या जातात) या वाक्यात क्रियापद ‘पिसोस’प्रमाणे अनेकवचनी आहे. उलट ‘से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस’ (दोषींना शोधले जाते) यात कर्म अनेकवचनी असूनही त्यास ‘आ’ लागताच क्रियापद एकवचनी राहते. मराठी अभ्यासकास येथे ‘त्याने मुली पाहिल्या’ आणि ‘त्याने मुलींना पाहिले’ ही कर्मणी-भावे जोडी आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु साम्य येथेच संपते. मराठी वाक्यांत ‘त्याने’ हा कर्ता उक्त आहे. स्पॅनिश वाक्यांत तो अनुक्त आहे. मराठीतील प्रयोगविचार मुख्यतः क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते याचा आहे, तर ‘पॅसिव्ह’मध्ये कर्त्याच्या स्थानाचा प्रश्न असतो.

ते स्थान नेमके कसे बदलते, यावरच मतभेद आहेत. पर्लमटर व पोस्टल यांनी १९७७ मध्ये कर्माचे कर्तृपदी आरोहण हे ‘पॅसिव्ह’चे सार्वत्रिक लक्षण मानले, त्याच वर्षी कॉम्री यांनी कर्त्याच्या पदावनतीस प्राधान्य दिले. इटालियन ‘सी ए लावोरातो’ (काम केले गेले) या अकर्मक रचनेत आरोहणास कर्मच नाही. तिला ‘पॅसिव्ह’च्या कक्षेत घ्यावयाचे तर कॉम्री यांचेच लक्षण उपयोगी पडते. मात्र ‘सी ए पार्तीती’ (लोक निघाले) यात सहायक क्रियापद एकवचनी आणि कृदन्त अनेकवचनी! हे अनेकवचन कोठून आले? कर्ता निव्वळ लोपला नसून नाव न घेता वावरतो, असेच मानावे लागते. चिंक्वे यांनी १९८८ मध्ये ‘सी’चे दोन प्रकार कल्पिले. विवेचन पटण्याजोगे आहे. पण एकाच ध्वनिरूपामागे दोन घटक मानण्याचे ओझे लहान नाही.

स्पॅनिश व्याकरणात ‘से वेंदेन’ला आत्मवाचक ‘पॅसिव्ह’ आणि ‘से बुस्का आ’ला आत्मवाचक अकर्तृक म्हणतात. तरीही प्रमाणभाषेस अमान्य असे एकवचनी ‘से वेंदे पिसोस’ विक्रीच्या पाट्यांवर आढळतेच.