सवी सावरकरांची चित्रे : दुःखसत्याचे दर्शन

रेणापूरला जा, वा लातूर-नांदेडकडील अन्य कोणत्याही गावी. विहाराच्या भिंतीवर ध्यानस्थ तथागत आणि शेजारी निळ्या कोटातील बाबासाहेब आढळतात. या दोन प्रतिमांनी आपल्याला ताठ मानेने उभे केले. म्हणूनच चित्रकार सविंद्र ऊर्फ सवी सावरकर यांचे चित्र प्रथम पाहणारा उपासक बिचकतो. गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला माणूस! जे आम्ही १९५६ साली नागपुरी टाकून आलो, ते पुन्हा भिंतीवर कशाला? हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून सावरकरांच्या कलेचे मूल्यमापन होणार नाही.

सावरकरांचा जन्म १९६१ साली नागपूरचा, म्हणजे दीक्षेनंतरच्या पिढीतला. नागपूरनंतर त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले व दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. पेशवाईतील मडके-झाडूची सक्ती त्यांनी पाहिलेली असणे शक्यच नाही. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ती नमूद केली आहे. त्या नोंदीला सावरकरांनी देह दिला. शिवाय दुःख हे पहिले आर्यसत्य. ते झाकून ठेवणाऱ्याला निरोधाचा मार्ग कोठून सापडणार?

त्यांचे माध्यमही विषयाला साजेसे आहे. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने ओरखडे काढतात. मग आम्ल तेवढाच भाग खाते आणि त्या खाचेत शाई भरून ठसा उमटतो. खाल्ली गेलेली रेषाच येथे बोलते. एका पत्र्यातून अनेक ठसे निघतात, हा या कलेचा लोकशाही गुण. तरी ही चित्रे वस्तीपेक्षा दालनांत आणि ग्रंथांतच अधिक पाहिली गेली, ही खंत नोंदवलीच पाहिजे. (कॅलेंडर छापणाऱ्यांनी तरी हा विचार करावा!)

देवदासींची चित्रे मात्र मला अधिक अस्वस्थ करतात. रेणापूरच्या वाचकाला ती परकी वाटू नयेत. गावचे दैवत रेणुका. सौंदत्तीला हीच रेणुका यल्लम्मा म्हणून पूजिली जाते आणि तेथे तिच्या नावाने मुली वाहिल्या जात. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदे झाले. सावरकर या प्रथेतले धर्माचे आवरण निर्दयपणे फाडतात, हे त्यांचे सामर्थ्य. पण झाडूवाल्या पुरुषाच्या नजरेत जो जाब आहे, तो या स्त्रीच्या वाट्याला क्वचितच येतो. ती भोगलेली दिसते, विद्रोह करणारी दिसत नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच मुंबईच्या कामाठीपुऱ्यातील अशा भगिनींना लाजिरवाणे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. ते ऐकून उठलेली स्त्री या चित्रमालेत मला सापडली नाही.